तुमच्या माहेरचं स्टेशन आठवतं का?

मैत्रिणींनो, आपल्या घरात फोटो कशाकशाचे असतात ते एकदा आठवून पाहा. लग्नाचे असतात, बारशाचे असतात, सहलीचे असतात. हल्ली तर फोनमध्ये पुरणपोळीचे आणि रांगोळीचेही असतात. पण ज्या स्टेशनावरून तुम्ही पहिल्यांदा सासरी निघालात, जिथं दिवाळीला भाऊ तुम्हाला उतरवून घ्यायला यायचा, त्या स्टेशनाचा एक तरी फोटो तुमच्याजवळ आहे का?

तुम्ही म्हणाल, "स्टेशनाचा कसला फोटो काढायचा? ते काय पळून जातंय?" मीही अगदी असंच म्हणत होते. आणि तिथंच चुकले.

माझ्या सासूबाईंचं माहेर लोणावळ्याच्या वाटेवरचं. १९७९ साली लग्न होऊन त्या चिंचवडला आल्या, त्या लोकलनंच. गेल्या दोन वर्षांत त्यांना थोडं विसरायला होतं. सकाळी काय भाजी केली ते आठवत नाही, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. एकदा तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या स्टेशनावर तिकीटखिडकीशेजारी एक बाक होता. अप्पा तिथंच बसायचे. तुझ्या त्या फोनमध्ये त्याचा फोटो काढून आणशील का?"

"आणते की," मी म्हटलं. जायला यायला फार तर दोन तास. पण त्या आठवड्यात शाळेतले सहामाहीचे पेपर तपासायचे होते. नंतर दिवाळीचा फराळ आला, मग पाहुणे आले. "पुढच्या रविवारी नक्की" असं करत चार महिने गेले. शेवटी एका रविवारी गेले, तर स्टेशनावर काम निघालेलं. फलाट खणलेला, जुनी तिकीटखिडकी पत्रे लावून बंद केलेली आणि बाक होता तिथं सिमेंटच्या गोण्यांची थप्पी. एका हमालाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तो बाक गेला की. महिना झाला."

घरी येऊन सासूबाईंना काय सांगायचं, याच विचारात मी लोकलमध्ये बसले होते. पण त्याच वेळी खिडकीतून एकेक स्टेशन मागे जात होतं आणि मी ते पहिल्यांदाच नीट पाहत होते. पंधरा वर्षं या मार्गावर ये-जा करते आहे, पण कोणत्या स्टेशनाचं छप्पर कसं आहे हे मला सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून ठरवलं, महिन्यातून एक सकाळ या स्टेशनांसाठी द्यायची.

ही वाट किती जुनी?

पुणे ते लोणावळा या लोकलच्या मार्गावर दोन्ही टोकं धरून सतरा स्टेशनं आहेत. आपण चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव ही नावं भाजीबाजाराच्या नावांसारखी सहज घेतो. पण या वाटेचं वय पाहिलं तर थक्क व्हायला होतं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्यानंतर पाचच वर्षांनी, जून १८५८ मध्ये, पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. म्हणजे सत्तावन्नच्या बंडाची धग पुरती विझली नव्हती, तेव्हा आपल्या मावळातून आगगाडी धावत होती!

गंमत अशी, की त्या वेळी घाटात रूळच नव्हते. मुंबईहून येणारी गाडी खोपोलीपर्यंत यायची. तिथून पालखीत, तट्टावर, नाहीतर पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. लेकुरवाळ्या बायकांनी हा प्रवास कसा केला असेल, याची आपणच कल्पना करावी.

बोरघाटातली रेल्वे २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाली. आणि मैत्रिणींनो, हे काम पुरं करणाऱ्या ठेक्यामागं एक बाई होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. घाटाचा ठेका घेऊन सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस परक्या देशात विधवा झाली. चारचौघांनी "आता परत जा" असंच म्हटलं असतं. पण तिनं ठेका सोडला नाही. जाणते अभियंते नेमून तिनं ते काम पुढं नेलं. सुमारे २५ किलोमीटरचा घाट, २५ बोगदे आणि एका वेळी ४० हजारांच्या वर मजूर! या मजुरांत बायाही होत्या, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या. पटकी आणि तापानं हजारो माणसं तिथं दगावली. त्यांची नावं कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत.

या ॲलिसबाईंना फोटोग्राफीचाही नाद होता. घाटाच्या कामाचे त्यांच्या नावावरचे फोटो आजही जपलेले आहेत. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी आणि काचेच्या पट्ट्या असा जड संसार असण्याचा तो काळ. आणि आपण? पदराच्या टोकाला पुसलेला फोन पिशवीत असूनही म्हणतो, "पुढच्या रविवारी!"

गाव बदललं, स्टेशनही बदललं

आपल्या पट्ट्याचा इतिहास स्टेशनांवर जितका वाचता येतो, तितका कारखान्यांच्या कमानींवरही येत नाही. चिंचवड हे मोरया गोसावींचं आणि चापेकर बंधूंचं गाव. पिंपरी तर शेताभातांचं खेडं. देशाची फाळणी झाल्यावर सिंधी कुटुंबं इथल्या छावणीत आली. १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, म्हणजे आपलं 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स', पिंपरीत उभा राहिला. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली आणि मोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका.

या सगळ्या धामधुमीत ११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. डबा घेऊन पाळीला जाणारा कामगार, दुधाच्या किटल्या, मावळातली भाजी, कॉलेजच्या मुली, सगळ्यांना ती आपली वाटली. कित्येकींना नोकरी करता आली ती या लोकलमुळं. आणि बायकांच्या डब्यात काय होत नाही? भाजी निवडून होते, स्वेटरचे टाके शिकून होतात, स्थळंसुद्धा जमतात!

नावांचंही तसंच. आजचं शिवाजीनगर स्टेशन पूर्वी भांबुर्डा या नावानं ओळखलं जायचं. देहूरोडला उतरून देहूला तुकोबांच्या दर्शनाला जायचं, हे वारकऱ्यांना ठाऊक. त्याच देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगावला उतरणाऱ्या जुन्या माणसांना पैसा फंडाचा काच कारखाना आठवतो. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला तो स्वदेशीचा कारखाना. मळवलीला उतरलं की कार्ले आणि भाजे इथली लेणी. पुणे स्टेशनाची सध्याची इमारत १९२५ सालची. २०२५ मध्ये तिला शंभर वर्षं पुरी झाली.

आता पुन्हा बदलाचा वारा आहे. मार्च २०२२ पासून पिंपरीहून मेट्रो धावते. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या ५०८ स्टेशनांच्या नूतनीकरणाचा पाया घातला गेला, आणि या अमृत भारत योजनेत आपल्या बाजूची चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव ही नावंही आहेत. बदल व्हायलाच हवा. सरकते जिने, स्वच्छ स्वच्छतागृहं, वर पुरेसं छप्पर, हे आपल्यालाच हवं आहे. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना पूल चढवताना मला जुन्या स्टेशनाचं कौतुक सुचत नाही! पण घर रंगवायच्या आधी आपण देवघरातल्या तसबिरी उतरवून ठेवतोच ना? तसंच हे. नवं येण्याआधी जुन्याची एक आठवण उतरवून ठेवायची, इतकंच.

काय पाहायचं?

स्टेशनावर गेल्यावर फक्त इमारतीसमोर उभं राहून एक फोटो काढला आणि झालं, असं करू नका. दहा-बारा गोष्टी नीट पाहा.

पहिला फोटो नावाच्या पिवळ्या पाटीचा. म्हणजे पुढचे सगळे फोटो कुठले, हा घोळ होत नाही. त्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. एकेका स्टेशनाची उंची वहीत टिपत गेलात, तर आपण घाटमाथ्याकडे कसे चढत जातो ते मुलांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं. माझ्या सहावीच्या वर्गाला मी हेच करायला लावलं.

मग छप्पर. कौलं असतील तर कौलांचा, लाकडी झालर असेल तर तिचा, लोखंडी कैची असेल तर तिचा. भिंत दगडी असेल तर जवळ जाऊन दगडांचे सांधे दिसतील असा एक फोटो घ्या. तिकीटखिडकी, तिच्या पितळी किंवा लोखंडी गजांसकट. पैसे सरकवून सरकवून झिजलेली फळी दिसली, तर ती मुळीच सोडू नका. जाड पुठ्ठ्याची ती छोटी तिकिटं आठवतात ना? तारखेचा ठसा उठवणाऱ्या यंत्राचा तो 'खट्' आवाज? ती तिकिटं आता इतिहासजमा झाली. घरात जुन्या पाकिटात एखादं सापडलं, तर त्याचाही फोटो काढून ठेवा.

आणखी एक गंमत सांगते. कुंपणाला, छपराच्या खांबांना पुष्कळ ठिकाणी जुने रूळच वापरलेले असतात. त्यांच्या कडेला निरखून पाहा. कधी कधी रूळ बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. उन्हं तिरपी असताना ती अक्षरं स्पष्ट उमटतात. घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा, जुना वजनकाटा, पाण्याचा नळ, आवारातलं चिंचेचं नाहीतर वडाचं झाड, हेही स्टेशनच आहे.

आणि माणसं. चहावाले, चणे-फुटाणेवाल्या मावशी, जुने हमाल. त्यांचा फोटो मात्र विचारल्याशिवाय काढायचा नाही. एका मावशींनी मला "थांब बाई, पदर नीट घेते," म्हणून दोन मिनिटं थांबवलं आणि मग अशा ऐटीत बसल्या, की तो माझा सगळ्यात चांगला फोटो ठरला! नंतर त्यांना त्याची प्रत नेऊन दिली.

काढताना ही काळजी घ्या

महागडा कॅमेरा लागत नाही, साधा फोन पुरतो. पण काही पथ्यं पाळायची.

सकाळी साडेसात ते नऊ किंवा दुपारी चारनंतरची उन्हं चांगली. भर दुपारी छपराखाली सगळं काळं येतं. काढण्याआधी फोनच्या काचेवरून मऊ सुती कापड फिरवा. पोळ्या लाटून तसाच हातात घेतलेल्या फोननं धुरकटच फोटो येणार! फोन आडवा धरा, इमारतीचे कोपरे कापू नका. एक फोटो लांबून, एक मधून, एक जवळून, असे तीन तीन घ्या.

प्रवासाचं किंवा फलाटाचं तिकीट जवळ असू द्या. आधी स्टेशनमास्तरांच्या खोलीत जाऊन "जुन्या स्टेशनाच्या आठवणीसाठी दोन फोटो काढते" असं सांगा. व्यवसायासाठी फोटो काढायचे तर रेल्वेची रीतसर परवानगीच लागते. नको म्हणाले तर वाद घालू नका. सिग्नलच्या केबिनमध्ये किंवा कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत शिरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रुळांवर उतरायचं नाही म्हणजे नाही, मग मुलं कितीही हट्ट करोत. विनापरवाना रुळांवर जाणं हा गुन्हा आहे. त्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतात. पण दंडाचं जाऊ द्या, विजेवरची गाडी येते तेव्हा आवाज फार उशिरा कळतो. फलाटाच्या कडेपासून चार पावलं मागेच राहा. समोरून चांगला फोटो हवा असेल, तर पादचारी पुलावरून घ्या.

घरी आल्यावर

फोटो फोनमध्ये राहिले तर ते काढूनही न काढल्यासारखेच. फोन बिघडला, की सगळं गेलं. निवडक पंधरा-वीस फोटो छापून घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलनं हलक्या हातानं स्टेशन, तारीख आणि कोणत्या बाजूनं काढला ते लिहा. बॉलपेननं लिहिलं तर पुढं वळ उठतात. चिकट पानांच्या आल्बममध्ये फोटो वर्षानुवर्षं ठेवले तर पिवळे पडतात आणि निघता निघत नाहीत. कोपरे लावून कागदावर बसवलेले चांगले. आल्बम स्वयंपाकघराशेजारी किंवा ओल येणाऱ्या भिंतीच्या कपाटात नको. पावसाळ्यानंतर एकदा वारा दाखवा, पण ऊन दाखवू नका.

जुन्या फोटोंची नक्कल करायची असेल, तर ते खिडकीजवळ, थेट ऊन नसेल अशा जागी सपाट ठेवा आणि फ्लॅश न लावता वरून फोन धरा. काचेच्या चौकटीतला फोटो आपल्या आपण सुटत नसेल तर ओढू नका. काचेला चिकटलेला असला तर चेहराच निघून येतो.

आता चाकणच्या मैत्रिणी म्हणतील, "आमच्याकडे तर रेल्वेच नाही!" बरोबर आहे. एवढे कारखाने आले, तरी चाकणला स्टेशन नाही. मग तुम्ही एसटी स्टँडचा काढा, कांद्याच्या बाजाराचा काढा. जिथं तुमची बॅग पहिल्यांदा खाली ठेवली गेली, ती जागा तुमची.

आणि त्या बाकाचं काय झालं?

सासूबाईंना मी खरं तेच सांगितलं. "बाक गेला, आई. मला उशीर झाला." त्या काही बोलल्या नाहीत. फक्त "हं" म्हणाल्या. मला ते फार लागलं.

नंतर मी मामेसासऱ्यांकडे गेले आणि जुने फोटो बघायला मागितले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून निघाले. त्यात १९८४ मधला एक फोटो होता, कुणाचं तरी वऱ्हाड फलाटावर उभं असलेला. सगळ्यांची तोंडं उन्हानं बारीक झालेली. आणि डाव्या कोपऱ्यात, एका मुलाच्या मागं, त्या बाकाचं टोक. जेमतेम वीतभर.

त्याची नक्कल मोठी करून आणली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, वऱ्हाडातल्या एकेकाची नावं घेतली, मग बोट कोपऱ्यावर आलं. बराच वेळ तिथंच राहिलं. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

लग्नाला पाच-सहा महिने झाले होते. पंचमीला माहेरी आल्या होत्या. अप्पांनी लोकलमध्ये बसवून दिलं. पण तळेगाव आलं आणि त्या उतरल्या. पुढं जाववेना. पलीकडच्या फलाटावर जाऊन उलटी लोकल धरली आणि परत माहेरी. अप्पा एका शब्दानं रागावले नाहीत. चहा करायला सांगितला, रात्री शेजारी बसवून जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्टेशनावर घेऊन आले.

"त्यानंतर किती वर्षं," सासूबाई म्हणाल्या, "मला गाडीत बसवलं की ते त्या बाकावर बसून राहायचे. समोरचा फलाट दिसायचा तिथून. पुण्याकडून उलटी लोकल येऊन जाईपर्यंत बसायचे. मी उतरले तर घरी एकटीनं यायला नको म्हणून. पण हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर स्टेशनावरच्या चहावाल्यानं सांगितलं."

मी विचारलं, "मग आई, पुन्हा कधी उतरलात का?"

"नाही गं. पण ते बसलेले असतील, एवढं माहीत असतं तर बरं झालं असतं."

हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिही. स्टेशनाचं नाव तेवढं नको घालूस." म्हणून घातलं नाही.

तेव्हापासून मी फोटोबरोबर एक वहीही ठेवते. प्रत्येक स्टेशनाचं एक पान. वर रेल्वेचा इतिहास, सालांसकट. खाली बायकांनी सांगितलेल्या गोष्टी. याच मार्गावरून ८ मार्च २०११ रोजी साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी 'डेक्कन क्वीन' पुण्याहून मुंबईला नेली. २०२५ च्या सप्टेंबरात त्या निवृत्तही झाल्या. एकीनं हा घाट बांधून पुरा केला, एकीनं तो गाडी हाकत पार केला आणि एक तळेगावला उतरून परत गेली. माझ्या वहीत तिघींनाही जागा आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी स्वयंपाक थोडा लवकर उरका. आई असेल तर आईला, सासूबाई असतील तर त्यांना बरोबर घ्या. त्यांच्या स्टेशनावर जा, त्यांना जुन्या बाकावर बसवा आणि फोटो काढा. मग फोन पिशवीत ठेवून शेजारी बसा. एक लोकल जाऊ द्या. दुसरीही जाऊ द्या. त्या आपणहून बोलायला लागतील.